१२व्या दिवशी खाद्य बदललं आणि वजन अडकलं : प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर नेमकं कधी बदलायचं?

शेड_हातकणंगले

नमस्कार मंडळी. उघडी शेड, १०० बाय २० फूट, २००० पक्षी, जात कॉब ४३० (ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीची कोंबडी). कंपनीच्या करारावर नाही, पिल्लं आणि खाद्य दोन्ही विकत. खाद्य वयाप्रमाणे तीन टप्प्यांचं : आधी प्री-स्टार्टर, मग स्टार्टर, शेवटी फिनिशर. बॅच आज १४ दिवसांची.

प्री-स्टार्टरची १३ पोती (५० किलोची) होती, ती ११व्या दिवशी संध्याकाळी संपली. १२व्या दिवशी सकाळी थेट स्टार्टर टाकलं. प्री-स्टार्टर चुरा होता, स्टार्टर पेलेट (दाबून केलेल्या बारीक कांड्या) आहे. आधी दिवसाला दोन पोती जात होती, ती दीडवर आली. भांड्याखाली तुसावर खाद्य सांडलेलं दिसतं आणि भांड्याच्या तळाला पीठ साठतंय. विष्ठा जरा पातळ आहे, पण रक्त नाही. आजपर्यंतची मरतूक २१. आज वजन केलं तर सरासरी ३९० ग्रॅम भरलं. लटकती भांडी ३० आहेत.

विचारायचं ते असं : खाद्य कोणत्या दिवशी बदलायचं? पुढच्या बॅचला कोणतं किती पोती मागवू? आणि एप्रिल आहे, दुपारी शेडमध्ये ३७-३८ अंश होतंय, तर दुपारी खाद्य उचलून ठेवायचं की नाही? इथं प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पशुवैद्य_कागल

आधी एक सांगा. गंबोरोची (पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची) लस कोणत्या दिवशी दिली? आणि पाण्यातून की डोळ्यात थेंब?

शेड_हातकणंगले

१२व्या दिवशीच डॉक्टर, सकाळी पाण्यातून. त्याआधी दीड तास पाणी बंद होतं.

पशुवैद्य_कागल

मग एकाच सकाळी तीन गोष्टी झाल्या : पाणी तोडलं, लस दिली आणि खाद्याचा आकार, चव, घटक सगळं बदललं. कोंबडीला पाणी मिळालं नाही की ती खात नाही, लसीनंतर एखादा दिवस खाणं तसंही थोडं उतरतं, आणि त्यात चुऱ्याची सवय असलेल्या चोचीसमोर पेलेट आलं. त्या दोन दिवसांचा फटका वजनात दिसतोय. पुढच्या वेळी लसीच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाद्याला हात लावू नका.

पण मूळ चूक त्याच्याही आधीची आहे. १३ पोती म्हणजे ६५० किलो, भागिले २०००, म्हणजे पक्ष्यामागे ३२५ ग्रॅम प्री-स्टार्टर. ते कमी पडलं. खाद्य कॅलेंडरवर बदलू नका, पक्ष्याने पोटात किती घातलं त्यावर बदला. आपल्याकडच्या उघड्या शेडसाठी माझा हिशोब असा : प्री-स्टार्टर पक्ष्यामागे ४५० ग्रॅम, त्यानंतर स्टार्टर १०५० ग्रॅम, आणि एकूण दीड किलो खाऊन झालं की पुढे उचलेपर्यंत, म्हणजे पक्षी विक्रीला जाईपर्यंत, फिनिशर. चांगल्या बॅचला प्री-स्टार्टर १२-१३ दिवसांत संपतं आणि स्टार्टर २४च्या आसपास. बॅच मागे असेल तर दिवस पुढे जातात, किलो तेच राहतात.

कारण सोपं आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू आतडं, हाडं आणि स्नायू बांधत असतं. त्याला प्रथिनं आणि लायसीन (प्रथिनांचाच एक घटक) जास्त लागतं, पण खातं मात्र थोडं, म्हणून त्या थोड्यात जास्त भरावं लागतं. पुढे खाणं वाढतं, शरीर सांभाळण्यालाच ऊर्जा जास्त लागते, म्हणून प्रथिनं उतरतात आणि ऊर्जा चढते. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) २००७च्या मानकात प्री-स्टार्टरला २३ टक्के प्रथिनं आणि ३००० किलोकॅलरी, स्टार्टरला २२ आणि ३१००, फिनिशरला २० आणि ३२०० असा उतार आहे. पोत्याच्या लेबलवर हे आकडे बघायची सवय ठेवा.

लवकर बदललं तर वाढ मागे पडते, छातीचं मांस कमी भरतं, पोटात चरबी जास्त साठते. उशिरा बदललं तर खर्च वाढतो, जादा प्रथिनांचं युरिक ॲसिड होऊन तूस ओलं होतं, अमोनिया वाढतो. दोन्हीत उशिराची चूक स्वस्त पडते. प्री-स्टार्टरची दोन पोती वाचवायला जाऊन बॅचचं वजन घालवलं, असं लय ठिकाणी होतं.

ताडून बघायला आकडे देतो, उन्हाळ्यातल्या उघड्या शेडचे. आठवड्यागणिक खाणं साधारण १५५, ३६०, ६२५, ९२५ आणि ११७५ ग्रॅम. आठवड्याअखेरचं वजन १८०, ४५०, ८८०, १४३० आणि ३५व्या दिवशी २०५० ग्रॅम. बंद, थंड केलेल्या शेडमध्ये याहून पुढे जातात, त्यांच्याशी तुलना करून जीव जाळू नका.

पुढच्या बॅचची पोती, २००० पिल्लांना : प्री-स्टार्टर १८, स्टार्टर ४२, आणि ४ टक्के मरतूक धरून फिनिशर ६५ ते ६७. फिनिशर एकदम मागवू नका. २८व्या दिवसाचं वजन आणि उचल ठरली की शेवटची २० पोती सांगा.

आताच्या बॅचचं काय? परत पूर्ण प्री-स्टार्टरवर जायची गरज नाही. फार तर दोन पोती आणा आणि आज-उद्या स्टार्टरमध्ये निम्मं-निम्मं करून द्या, खाणं रुळावर येईल. आणि फिनिशर मात्र २४व्या दिवशी टाकू नका. एकूण दीड किलो पोटात जाईपर्यंत स्टार्टर चालू द्या, २६वा दिवस उजाडला तरी चालेल.

पातळ विष्ठा दोन दिवसांत आवरली नाही, किंवा तपकिरी, शेंबडी दिसली, तर दोन-तीन पक्षी जवळच्या दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. तिसरा-चौथा आठवडा कॉक्सीचा (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा परजीवी रोग) असतो. दुकानातून आपल्या मनाने औषध आणून पाण्यात ओतू नका. विशेषतः खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (ही कॉक्सीची औषधं) असेल आणि वरून टायामुलिन हे अँटिबायोटिक गेलं, तर पक्षी लुळे पडतात, मरतातही. पोत्यावर कॉक्सीचं औषध कोणतं ते आधी वाचायचं. कॉलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर २०१९ पासून बंदीच आहे.

पोल्ट्री_गडहिंग्लज

डॉक्टरांनी खाद्याचं सांगितलं, मी भांड्यांचं सांगतो. भावा, २००० पक्ष्यांना ३० भांडी म्हणजे एका भांड्यावर ६६ पक्षी. लटकत्या भांड्याला ४५, फार तर ५० धरायचे. म्हणजे ४०-४५ भांडी पाहिजेत. कमी भांडी असली की दांडगे पक्षी खातात, बारके मागे राहतात, आणि सरासरी वजन खोटं बोलतं. एकेक पक्षी वेगळा तोलून बघा, ३०० ग्रॅमवालाही निघेल आणि ४७० वालाही.

सांडण्याचं कारण उंची. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत पाहिजे. खाली असला की पक्षी चोचीने उडवतो, आत पाय घालतो. १२व्या दिवसानंतर दर तीन-चार दिवसांनी दोरी एक गाठ वर घ्यायची. आणि ताट एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, भरलेल्या ताटातलं खाद्य तुसावर जातंच.

तळाच्या पिठाचं असं आहे की कोंबडी मोठा दाणा वेचून खाते. तुम्ही वरून ताजं टाकत राहिलात तर खालचं पीठ तसंच राहतं, दमट होऊन वास मारतं आणि मग पक्षी भांड्याकडे जाईनासा होतो. दिवसातून एकदा भांडी मोकळी होऊ द्या, अर्धा तास रिकामी राहिली तर काही बिघडत नाही. मगच ताजं टाका. रोजच पीठ लय निघत असेल तर पोतं चाळून बघा. दहा किलोत एक किलोच्या वर पीठ निघालं तर ते पेलेट कच्चं आहे, दुकानदाराला दाखवा.

शेड_हातकणंगले

आभारी आहे. उद्याच १२ भांडी आणतो. बदलताना मिसळायचं कसं तेही सांगा. पोतं फोडून भांड्यात वरखाली थर दिले तर चालतं का?

पोल्ट्री_गडहिंग्लज

थर देऊन मिसळत नाही. वरचं आधी संपतं, मग खालचं, म्हणजे तेच अचानक बदलणं झालं. ताडपत्रीवर दोन्ही ओतायचं, फावड्याने तीन वेळा पालटायचं आणि मग भांड्यात. १२-१३व्या दिवशी २००० पक्षी दिवसाला दोन-सव्वादोन पोती खातात. पहिल्या दिवशी दीड पोतं जुनं, अर्धं नवं. दुसऱ्या दिवशी एक-एक. तिसऱ्या दिवशी अर्धं जुनं, दीड नवं. वरचं पाव पोतं ज्याचा भाग जास्त त्याचंच. फिनिशरला याच मापाने जा, फक्त तेव्हा रोजची पाच पोती असतात.

मिक्सर_इचलकरंजी

तीन दिवस मिसळायला हरकत नाही, पण ते दर वेळी लागतंच असं नाही. एकाच गिरणीचं खाद्य असेल आणि दोन्ही चुरा असेल तर एक दिवस निम्मं-निम्मं पुरतं. आकार बदलतो तिथं, किंवा कंपनी बदलता तिथं, तीन दिवस पाळाच. कंपनी बदलली की मक्याचा, तेलाचा वास बदलतो, मिठाचं प्रमाण बदलतं, एखाद्यात एमबीएम (मांस-हाडांची पूड) असतं, दुसऱ्यात नसतं. १३-१४ दिवसांच्या पक्ष्याला २ ते अडीच मिलिमीटरच्या वरचं पेलेट देऊ नका. ३-४ मिलिमीटर हे फिनिशरचं माप आहे. तुमचं स्टार्टर जाड वाटत असेल तर हातात मूठभर घेऊन पक्ष्याच्या चोचीशेजारी धरून बघा, डोळ्यालाच कळतं.

शेड_हातकणंगले

जाडच आहे, बोटाने चुरडायला जोर लागतो. पुढचा प्रश्न तुम्हालाच. फिनिशरचा खर्च सगळ्यात जास्त. मका आणि सोया घेऊन घरीच मिक्स केलं तर परवडेल का?

मिक्सर_इचलकरंजी

२००० पक्ष्यांना फिनिशर सव्वातीन टन लागतं, तेही दोन महिन्यांतून एकदा. एकट्याला नाही परवडत. मिक्सर, वजनकाटा, मका साठवायला कोरडी जागा, हे सगळं तेवढ्यासाठी उभं करायचं आणि वर घरचं खाद्य मॅश (दळलेलं सुटं) असतं. मॅशला पक्षी जास्त वेळ खात बसतो, जास्त सांडतो, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) पेलेटपेक्षा वाईट येतो. पोत्यामागे वाचलेला पैसा तिथं निघून जातो. चार-पाच शेडवाले मिळून करणार असाल तर विचार करा.

तरी आकडे देतो, म्हणजे विकतच्या पोत्यात काय असतं हे कळेल. १००० किलो फिनिशर : मका ६२० किलो, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) ३००, तेल ४५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १४, चुनखडीची पूड ९, मीठ अडीच, खायचा सोडा दीड, डीएल मिथिओनिन अडीच, लायसीन दीड. उरलेल्या चार किलोत व्हिटॅमिन, ट्रेस मिनरल, कोलीन, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारा), कॉक्सीचं औषध आणि एन्झाइम. प्रथिनं १९च्या आसपास पडतात, ऊर्जा ३१५० किलोकॅलरी. प्रथिनं मानकापेक्षा टक्काभर कमी आहेत, पण लायसीन-मिथिओनिन वरून दिल्यामुळे वाढ अडत नाही. स्टार्टरला मका ५७० वर उतरतो, सोया ३५५ वर चढतो, तेल ३७. प्री-स्टार्टर घरी करायच्या भानगडीत पडूच नका.

मिसळायचा क्रम चुकला की सगळं पाण्यात. किलो-दोन किलोच्या वस्तू आधी १० किलो मक्याच्या पिठात, ते मग ५० किलोत, आणि ते मिक्सरमध्ये अर्धा मका-सोया गेल्यावर. तेल सर्वांत शेवटी, बारीक धारेने. आधी तेल घातलं तर गोळे होतात आणि औषध गोळ्यातच अडकतं. उभ्या मिक्सरला १५ मिनिटं द्या.

खरी मारामारी मक्याची आहे. खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो तेव्हा ओला असतो. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर साठवू नका. दाढेखाली दाणा कडकन फुटला पाहिजे, दबला तर ओला. खरेदीला मात्र मॉइश्चर मीटरच लावा. दाणा उभा फोडून अंकुराजवळ हिरवट-काळं दिसलं तर तो लॉट परत. बीआयएसच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची कमाल मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) आहे. बाइंडर टाकला म्हणून बुरशीचा मका चालतो, हा गैरसमज सोडा.

सोया कमी भाजलेला असेल तर विष्ठेत न पचलेलं खाद्य दिसतं आणि तूस ओलं होतं. घेताना युरिएज चाचणीचा (सोया पुरेसा भाजलाय का ते दाखवणाऱ्या) रिपोर्ट मागा.

पोल्ट्री_शिरोळ

ओल्या तुसावरून आठवलं. आमच्याकडे क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणीच खारट असतं. त्यात खाद्यातलं मीठ आणि उन्हाळ्याचं इलेक्ट्रोलाइट, दोन्ही वर चढतात. पक्षी ढसाढसा पाणी पितो, विष्ठा पाण्यासारखी, आणि लोक कॉक्सीचं औषध देत बसतात. पाणी एकदा तपासून घ्या. खारट असेल तर इलेक्ट्रोलाइट रोज न देता कडक उन्हाच्या दिवशीच द्या. आणि खाद्य बदलायच्या सुमारास पाण्याचा रोजचा आकडा लिहीत जा. खाद्याच्या पावणेदोन ते दुप्पट पाणी हे नेहमीचं माप. उन्हात ते तिप्पट होतं, चालतं. पण पाणी अचानक उतरलं तर समजा दुसऱ्या दिवशी खाणंही उतरणार.

दुपारचं खाद्य. तीन आठवड्यांपर्यंत उचलू नका, त्या वयाला उष्णता तेवढी जाचत नाही आणि खाणं तुटलं तर नुकसानच. २१-२२ दिवसांनंतर शेड ३५च्या वर जात असेल तर सकाळी १० ला भांडी उंच बांधायची आणि संध्याकाळी ५ ला सोडायची. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी ११ ला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी अडीच-तीनला बाहेरून आणि आतून दोन्हीकडून भाजतो. म्हणून उन्हं चढल्यावर नाही, चढायच्या आधी उचलायचं. पाणी मात्र एक मिनिटही तोडायचं नाही, टाकीवर ओलं पोतं टाका, नळी उन्हात तापत असेल तर दुपारी दोनदा सोडून द्या.

तुटलेलं खाणं भरून काढायला पहाटे ४ ला दिवे लावा आणि रात्री ११ पर्यंत चालू ठेवा. यातला बराचसा खुराक पहाटेच जातो. संध्याकाळी भांडी सोडताना सगळी एकदम सोडा, त्यासाठी दोन माणसं लागतात. एका टोकापासून एकेक सोडत गेलात तर सगळा कळप त्या टोकाला धावतो, एकमेकांच्या पाठी ओरबाडतात, खाली पडलेले चेंगरतात.

पशुवैद्य_कागल

शिरोळकरांशी सहमत, एक भर. उन्हाळ्यात पक्षी कमी खातो म्हणून जादा सोया घालून प्रथिनं वाढवायची नाहीत, त्याने पचनाची उष्णता उलट वाढते. ऊर्जा तेलातून वाढवायची, तेलाची उष्णता सर्वांत कमी. विकतचं खाद्य असेल तर उन्हाळ्यासाठी वेगळं फिनिशर मिळतं का ते विचारा. पावसाळ्यात उलटं दुखणं. जूननंतर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की फोडलेलं पोतं चार-पाच दिवसांत गुठळी धरतं. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब, आणि एका वेळी दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त भरणा नको. तुसाऐवजी बगॅस (उसाचं चिपाड) वापरणार असाल तर पूर्ण वाळलेलीच घ्या, ओलसर बगॅसवर बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाते.

वजन करताना चिक गार्डने (पिल्लांभोवती लावतो त्या कुंपणाच्या पट्टीने) एका कोपऱ्यात २५-३० पक्षी घेरा आणि घेरलेले सगळे तोला. हाताला येईल तो उचलला तर सुस्तच हाताला येतात. अशा तीन जागा, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी. पुढच्या बॅचला पहिल्याच संध्याकाळी एक काम करा : पिल्लं टाकल्यानंतर ८ तासांनी ३०-४० पिल्लांची क्रॉप, म्हणजे गळ्याखालची पिशवी, बोटांनी चाचपा. दहातल्या आठ पिल्लांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. टणक लागली तर खाद्य मिळालं, पाणी मिळालं नाही. रिकामी असेल तर कागदावर खाद्य कमी पसरलंय, किंवा ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या साधनाखाली) गारठा आहे. २४ तासांनी जवळपास सगळी भरलेली पाहिजेत.

शेड_हातकणंगले

लिहून घेतलं. शेवटचं एक. एफसीआर काढताना मेलेल्या पक्ष्यांचं खाल्लेलं वजा करायचं का? आणि उचल झाल्यावर फिनिशरची अर्धी पोती उरतात त्यांचं काय करावं?

पोल्ट्री_गडहिंग्लज

वजा करायचं नाही. जेवढी पोती रिकामी झाली तेवढं खाद्य, भागिले गाडीत चढलेलं वजन. १२६ पोती म्हणजे ६३०० किलो, १९२० पक्षी सरासरी २ किलो ५० ग्रॅमने म्हणजे ३९३६ किलो, एफसीआर १.६०. मेलेल्यांनी खाल्लं ते तुमच्याच खिशातून गेलं.

उचलीआधी ६ ते ८ तास खाद्य बंद करा, पाणी पकडेपर्यंत चालू. पोटात खाद्य भरून काट्यावर चढवलं तर वजन दिसतं खरं, पण व्यापारी वाटेतली घट तुमच्याच नावावर टाकतो आणि पुढच्या वेळी दर पाडतो. खाद्यात कॉक्सीचं औषध असेल तर पोत्यावर लिहिलेले दिवस आधी मोजा, तेवढे दिवस बिनऔषधाचं फिनिशर लागेल.

उरलेलं फिनिशर पुढच्या पिल्लांना घालू नका. तोंड घट्ट बांधून ठेवलं तरी दीड महिन्याने तेल खवट होतं, आणि पहिल्या दिवसाच्या पिल्लाला ते खाद्यच नव्हे. शेजारी कुणाचे २५-३० दिवसांचे पक्षी चालू असतील तर त्यांना देऊन टाका. घरच्या गावठी कोंबड्यांना घालायचं असेल तर आधी पोत्यावर औषध बघा, अंडी खाणार असाल तर नकोच. आणि दावणीला घोडा असेल त्याच्या आसपास तर सॅलिनोमायसिनचं पोतं ठेवूही नका, थोडं खाल्लं तरी घोडं मरतं.